सीरियस आहे, लगेच निघा

सुप्रभा साव्यांना कुणी 'रिटायर्ड' म्हटलं की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. हॉस्पिटलने घड्याळ आणि केक देऊन घरी पाठवलं त्याला दोन वर्षं झाली होती, पण बाईंच्या हातातला फोन काही सुटला नव्हता. सुटणार कसा? लंडनजवळच्या क्रॉयडनच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं स्विचबोर्डवर काढलेली ही बाई. ऑन-कॉल सर्जन उत्तर देत नाही म्हटल्यावर तो कुणाकडे जेवायला गेला असेल, त्या माणसाचा नंबर कुठे मिळेल, आणि यजमानीणबाईंना न दुखावता सर्जनला ताटावरून फोनवर कसं ओढायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माणूस जिवंत असला आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी असला, की सुप्रभाताई त्याला हुडकून काढणार, हे साऱ्या हॉस्पिटलला माहीत होतं.

त्यांचे यजमान डॉक्टर मोहन सावे त्याच हॉस्पिटलात भूल देत. माणसाला हळूच झोपवायचं, त्याला काही कळू द्यायचं नाही आणि सगळं उरकल्यावर जागं करायचं, यात त्यांचा जन्म गेला. घरातसुद्धा त्यांचा आवाज कधी चढला नाही. आता ते सकाळी क्रॉसवर्ड घेऊन बसत आणि बाई कॉर्डलेस फोन कानाला लावून हॉल ते किचन, किचन ते जिना अशा येरझाऱ्या घालत. "अगं, कार्पेट झिजेल," एवढंच ते म्हणायचे.

दर बुधवारी लायब्ररीत फॅमिली हिस्टरीवाल्यांचा ग्रुप जमायचा. पांढऱ्या केसांचे दहा-बारा इंग्रज, मायक्रोफिल्मच्या मशीनला डोळे लावून आपापले खापरपणजोबा शोधत बसलेले. "मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत, जिवंत आहेत त्यांना आधी गाठा की," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं आणि त्या दिवसापासून जिवंत नातेवाइकांचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्यातही आयर्लंडचं. आयरिश माणसाला फोन लावून थेट "तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय" विचारलं की तो गप्प होतो. आधी पाऊस किती झाला ते विचारावं लागतं, गुरांची चौकशी करावी लागते, आपण कोण, कुठल्या, कुणाच्या वतीने बोलतोय ते सावकाश सांगावं लागतं. मग त्याच्या मनात आलं तर तो बोलतो. ग्रुपमधली मंडळी यात चार मिनिटांत दमायची. रेवदंड्यात वाढलेल्या बाईला यात नवीन काय होतं? तिकडेही परका माणूस आला की पत्ता सांगण्याआधी त्याची सात पिढ्यांची झडती होते.

या साऱ्या धडपडीचा खरा उपयोग व्हायचा होता तो ब्रायडीसाठी.

ब्रायडी पामर, माहेरची वॉल्श, ही त्यांची स्विचबोर्डवरची जोडीदारीण. शहात्तर साली सुप्रभाताई साडीवर कार्डिगन घालून पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या, तेव्हा एका बड्या डॉक्टरने "कुणी इंग्लिश बोलणारं आहे का तिथे?" असं विचारलं होतं. ब्रायडीने शांतपणे त्याची लाइन कापली. "तांत्रिक बिघाड," ती म्हणाली आणि तिने बिस्किटाचा डबा पुढे सरकवला. काम शिकवलं तिनेच. तिचा नियम एकच होता: दोन माणसं जोडून दिली की आपण लाइनवरून बाजूला व्हायचं, त्यांच्या बोलण्यात आपलं काही काम नाही. ब्रायडीचे पाय बाराही महिने गार पडायचे. बुटांतून पाय काढून ती ते टेबलाखालच्या हीटरवर ठेवायची आणि हीटर सुप्रभाताईंच्या वाट्याला कधी आलाच नाही.

ती आयर्लंडमधल्या मेयोची, किलमोरा नावाच्या गावची. पंचावन्न साली इकडे आली. पुढे केन पामरशी रजिस्ट्रार ऑफिसात लग्न केलं. माहेरचे कट्टर कॅथलिक, केन घटस्फोटित, त्यात चर्चमध्ये लग्न नाही. बापाने कळवलं, आता पत्र पाठवू नकोस. ब्रायडी हट्टी. नाही पाठवलं. बाप मेला असेल, आई मेली असेल, गाव बदललं असेल, पण बाईने चाळीस वर्षं पत्र पाठवलं नाही ते नाहीच. केन गेला, मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती साव्यांकडे यायची, तनयाला मांडीवर घेऊन कालनिर्णयातल्या गणपतींची नावं विचारायची आणि मिरचीचा ठेचा टोस्टला लावून खायची.

दोन हजार चारच्या जानेवारीत तिच्या लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. डॉक्टरांनी हॉस्पिस, म्हणजे शेवटचे दिवस काढायचं शुश्रूषागृह, सुचवलं. तिथे खिडकीजवळच्या पलंगावर पडल्या पडल्या ती एकदाच म्हणाली, "आमच्या पेगचं काय झालं असेल कोण जाणे." पेग धाकटी बहीण, ब्रायडी निघाली तेव्हा अठराची होती. शोध, असं काही ब्रायडी म्हणाली नाही. म्हणालीही नसती. पण सुप्रभाताईंना तेवढं पुरलं. आता जगात त्यांना एकच काम होतं: ब्रायडी आहे तोवर पेगचा आवाज तिच्या कानावर घालायचा.

लायब्ररीतल्या आयर्लंडच्या डिरेक्टरीत त्या भागात एकतीस वॉल्श होते. बाईंनी एकतीसही फोन केले. पेग लग्न होऊन कोण झाली, कुठे गेली, कुणाला सांगता येईना. वॉल्श म्हणजे तिकडे ढिगाने. चर्चच्या फादरना फोन झाला, ते तरुण होते, वर्षापूर्वीच आलेले. शाळेला झाला. पबला झाला. तीन आठवडे गेले. बाईंना जेवण गोड लागेना, टीव्हीसमोर बसवेना. रोज दुपारी ट्रामने हॉस्पिसला जायचं, ब्रायडी काल होती त्याहून थोडी लहान दिसायची, आणि घरी येऊन कोट न काढताच पुढचा नंबर फिरवायचा.

शेवटी एका मंगळवारी ट्राममध्येच त्यांच्या डोक्यात आलं की आपण खुळ्यासारखं आडनाव धरून बसलोय. रेवदंड्यात आपण राऊत. निम्मं गाव राऊत. तिथे येऊन कुणी 'राऊत कुठे राहतात' विचारलं तर लोक हसतील. विहिरीवरचे राऊत म्हटलं पाहिजे, नाहीतर सुपारीवाले राऊत म्हटलं पाहिजे. हॉस्पिसमध्ये पोचल्या पोचल्या त्यांनी विचारलं, "ब्रायडी, गावात तुमच्या घराला काय म्हणायचे?"

ब्रायडीने डोळे मिटूनच सांगितलं, "टेलर. आजोबा शिंपी होते. वॉल्श कोण म्हणतंय?"

बुधवारी सकाळी किलमोराच्या पोस्टात फोन गेला. पोस्टातल्या बाई आठवडाभरापूर्वी याच प्रश्नाला नाही म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "पेग टेलर होय? मग आधी सांगायचं ना तसं. पेग ड्युरकन आता. नवरा वारला, दलदलीकडच्या रस्त्याला एकटी राहते. नंबर डिरेक्टरीत नाही आणि मला देता येणार नाही. शुक्रवारी येईल पेन्शनला, सांगते."

"शुक्रवारपर्यंत थांबता येणार नाही हो," सुप्रभाताई म्हणाल्या.

मग त्या बाई म्हणाल्या, "उद्या पोस्टमनबरोबर चिठ्ठी पाठवते. तुमचा नंबर सांगा."

संध्याकाळी सुप्रभाताईंनी ब्रायडीला बातमी दिली. ब्रायडी बराच वेळ छताकडे बघत राहिली. "तिने माझं विचारलं?"

"अजून मी तिच्याशी बोलले नाहीये. उद्या फोन येईल."

"मी शोधायला सांगितलं असं सांगू नकोस. तूच आगाऊ आहेस, तूच शोधलंस असं सांग." आणि ती हसली. पायांवर दोन ब्लँकेटं होती तरी पाय गारच होते. सुप्रभाताईंनी ते हातांत धरून चोळले.

गुरुवारी दुपारी बारा चाळीसला ब्रायडी गेली. सुप्रभाताई शेजारीच होत्या. श्वास लांबत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. कागदांवर जवळची व्यक्ती म्हणून त्यांचंच नाव होतं, म्हणून सह्या त्यांनी केल्या, फ्युनरलवाल्यांना फोन त्यांनी केला, तिचा चष्मा आणि जपाची रोझरी पिशवीत घालून घेतली. पाच वाजता घरी आल्या. कुलपात किल्ली फिरवतानाच आत फोन वाजत होता.

"मी पेग ड्युरकन," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज हुबेहूब ब्रायडीचा होता, फक्त इंग्लंड न लागलेला. "तुम्ही ब्रायडीच्या मैत्रीण ना? कशी आहे ती?"

आता इथे काय बोलायचं ते सव्वीस वर्षांत हजार वेळा बोलून झालं होतं, निदान इंग्लिशमध्ये तरी. आय ॲम सो सॉरी, असं सुरू करायचं असतं. पण सुप्रभाताईंच्या तोंडून निघालं ते त्यांच्या माहेरच्या ओट्यावरून आल्यासारखं. "बरं नाहीये तिला. सीरियस आहे. तुम्ही लगेच निघा."

"इतकं वाईट आहे?"

"या तुम्ही. आल्यावर बोलू."

विमानात पेग कधी बसली नव्हती आणि आता बसणार नव्हती. सकाळच्या ट्रेनने डब्लिन, तिथून बोट, मग पलीकडच्या होलीहेड बंदरातून लंडनची ट्रेन. तिने सगळं मोठ्याने जुळवलं, स्वतःचा नंबरही दिला. "तिचे पाय अजून गार पडतात का हो? आम्ही एका पलंगावर झोपायचो. माझ्या पोटऱ्यांना लावायची आपले पाय, मेली. मी मोजे विणलेत, घेऊन येते. तिला सांगा मी निघाले म्हणून."

"सांगते," सुप्रभाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते.

मोहनराव म्हणाले, "बरोबर केलंस. सदुसष्ट वर्षांची बाई, एकटी येणार. वाटेत काही झालं असतं म्हणजे? इथे आल्यावर आपण बसवून नीट सांगू." त्यांनी ताटं घेतली, वरण गरम केलं. सुप्रभाताईंनी भात चिवडला आणि ताट बाजूला सारलं.

त्यांना स्वतःला चौऱ्याहत्तर साली आलेली तार आठवत होती. फादर सीरियस स्टार्ट इमीजिएटली. दोन वर्षांची तनया कडेवर, बॅगेत अप्पांसाठी गरम बनियन आणि मोहनरावांनी दिलेली हार्टच्या गोळ्यांची बाटली. वाटेत विमान दोन ठिकाणी उतरलं, प्रत्येक ठिकाणी त्या बसून राहिल्या आणि मनातल्या मनात अप्पांना सांगत राहिल्या, थांबा, मी आले. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते पाकिटाच्या मागे लिहिलं होतं. सांताक्रूझला दादा घ्यायला आला. गाडीत काही बोलला नाही. "आधी चहा घे," म्हणाला. रेवदंड्याला पोचल्या तर ओसरीवर भिंतीशी दिवा. अप्पा जाऊन तीन दिवस झाले होते. तार सुटली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दादाला त्यांनी ते कधी माफ केलं नाही. तो गेला तेव्हासुद्धा, माफ करावंसं वाटत होतं, तरी झालं नाही. आपण कुणाला असं करणार नाही, हे त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. इतकी वर्षं पाळलंही होतं.

शुक्रवारी सकाळी तनयाचा ब्रिस्टलहून फोन आला. ब्रायडी आंटी तिला आजीच्या ठिकाणी. ती रडली, मग तिने सगळं विचारलं आणि आईने सगळं सांगितलं.

"आई, तू तिला खोटा सांगितला?" तनया म्हणाली. "ती आख्खा रस्ता होप करणार. आंटी जिवंत आहे म्हणून. दॅट्स रिअली क्रूएल, आई."

"आपल्याकडे असंच सांगतात गं."

"आपल्याकडे म्हणजे कुठे? ती तर आयरिश आहे."

सुप्रभाताईंनी फोन ठेवला आणि किचनमध्ये गेल्या. कुणीतरी आपली बाजू घ्यावी असं त्यांना वाटत होतं. क्रॉसवर्डवरून मान वर न करता मोहनरावांनी ती घेतली. "तनयाला काय कळतंय. माणूस धड पोचलं पाहिजे, हे पहिलं. तुला नाही का तसंच पाठवलं आपण? पोचलीस ना नीट?"

सुप्रभाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "आपण म्हणजे?"

मोहनरावांचं पेन थांबलं.

"आपण म्हणजे कोण, अहो? तार दादाने केली होती."

"दादाने आधी मला हॉस्पिटलात ट्रंककॉल केला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "काय लिहायचं ते आम्ही दोघांनी ठरवलं. तू लहान मुलीला घेऊन एकटी जाणार होतीस. मला रजा नव्हती. मी दुसरं काय करणार होतो?"

"आणि गोळ्या?"

"तुला धीर यावा म्हणून."

"दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं होतं त्या बाटलीवर." बाई खाली बसल्या. "अप्पांना जाऊन एक दिवस झाला होता आणि तुम्ही जेवणानंतर लिहिलंत. तीस वर्षं मी दादावर धरून बसले. दादाशी मरेपर्यंत धड बोलले नाही मी. आणि तुम्ही इथे बसून बघत होतात."

बाईंना भयंकर संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण काल संध्याकाळी हेच त्यांनी स्वतः केलं होतं. त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेदहा वाजले होते. पेग कुठेतरी ट्रेनमध्ये मांडीवर मोजे घेऊन बसली असणार आणि ब्रायडीला सांगत असणार, थांब, मी आले.

त्यांनी फोन उचलला.

पेगच्या घरी घंटा नुसती वाजत राहिली. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, शेजाऱ्यांनी सहालाच तिला स्टेशनवर सोडलं, कपाळाला आठ्या पण खुशीत होती हो. हा 'खुशीत' शब्द सुप्रभाताईंना सुईसारखा टोचला. डब्लिनच्या स्टेशनवर चौकशी केली, ट्रेन येऊन गेली होती. बंदरावरच्या ऑफिसात चार वेळा बटणं दाबून एक मुलगा भेटला. तो बिचारा सभ्य होता. पुकारा करून बघतो म्हणाला, पुन्हा फोनवर आला, म्हणाला गेट बंद झालंय, सगळे प्रवासी चढलेत. बोट निघाली की समुद्रात फोन नाही. आता राहिलं होलीहेड. तिथे बोट साडेपाचला लागणार, लंडनची ट्रेन त्यानंतर पाऊण तासाने, आणि ट्रेनमध्ये बसली की पेग थेट लंडनच्या युस्टन स्टेशनवर दिसणार. युस्टनला गाठायचं म्हणजे 'आधी चहा घ्या'. सुप्रभाताईंना ते करायचं नव्हतं.

होलीहेड स्टेशनचा नंबर कुठेच मिळेना. चौकशीच्या नंबरावर लांबच्या कुठल्या तरी शहरातली मुलगी टाइमटेबल वाचून दाखवायची. दोन वाजले, तीन वाजले. बाई कॉर्डलेस घेऊन जिन्यावर बसत, उठत, गॅस पुसत, पुन्हा बसत. मध्येच त्यांना वाटलं, कशाला? राहू दे तिला चार तास जास्त आनंदात. मग बाटलीवरचं अक्षर आठवायचं आणि त्या पुन्हा उठायच्या.

साडेतीनला त्यांना सुचलं. स्टेशन तिथे टॅक्सी, आणि टॅक्सी तिथे रेडिओवर बसलेली एक बाई. तो नंबर एका मिनिटात मिळाला. फोन उचललेल्या बाईचं नाव ग्लेनिस, आवाज खरखरीत, मागे रेडिओचा कलकलाट. सुप्रभाताईंनी आपला स्विचबोर्डचा आवाज लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं सांगितलं, आपण खोटं बोललो तेसुद्धा. ग्लेनिसने मध्येच एका ड्रायव्हरला झापलं, मग म्हणाली, "माझं ऑफिस स्टेशनच्या दारातच आहे. दिसायला कशी आहे ती?"

"मी पाहिलेली नाही. माझ्या मैत्रिणीसारखी असेल. रुंद कपाळ, चाल जरा डुलत. आणि हात रिकामे नसतील, मांडीवर पिशवी धरून बसेल."

"बरं. मी आणते तिला. पण सांगायचं तुम्ही हं."

"मीच सांगणार."

पाच चाळीसला फोन वाजला. सुप्रभाताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मोहनराव हॉलच्या दारात येऊन उभे राहिले, सुप्रभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हॅलो?" पेगचा आवाज धापा टाकत होता. "इथल्या बाई म्हणाल्या तुमचा फोन आहे. काय झालं? मला उशीर झाला का?"

"पेग, तिथे खुर्ची आहे का? बसा."

"बसले."

"ब्रायडी गेली. काल दुपारी, बारा चाळीसला. तुमचा फोन आला तेव्हा ती गेलेली होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडे समुद्रपक्ष्यांचा आवाज येत होता आणि ग्लेनिसचा रेडिओ. मग पेग म्हणाली, "काल दुपारी."

"हो."

"मी काल रात्रभर बसून दुसरा मोजा पुरा केला. बोटीवर सगळा वेळ तिला काय काय सांगायचं ते घोकत होते. आधी तिला शिव्या देणार होते. चाळीस वर्षांच्या शिव्या होत्या माझ्याकडे." तिचा आवाज कडक झाला. "तुम्हाला काय हक्क होता?"

"काहीच नव्हता."

"मग का केलंत?"

"आमच्याकडे तसं करतात. माझ्या वडिलांच्या वेळी माझ्याशी केलं होतं. फार वाईट होतं ते, आणि तरी मी केलं." सुप्रभाताईंना आता रडू आवरेना आणि त्यांनी ते आवरलंही नाही. "मी तिला भेटवू शकले नाही तुम्हाला. एका दिवसाने चुकले. गावात तुमच्या घराला काय म्हणतात ते आधी विचारलं असतं तर तीन आठवडे वाचले असते."

मग पेगने विचारलं, "तिनेच शोधायला सांगितलं का मला?"

सुप्रभाताईंनी डोळे पुसले. ब्रायडीने बजावलं होतं. पण आता पुरे झालं होतं. "तोंडाने म्हणाली नाही. तुमचं नाव काढलं फक्त, एकदाच. सापडलात असं बुधवारी सांगितलं तेव्हा छताकडे बघत राहिली, आणि पहिला प्रश्न, तिने माझं विचारलं का. वर म्हणाली, मी शोधायला सांगितलं असं सांगू नकोस."

"गाढव," पेग म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "पहिल्यापासून गाढवच ती." थोड्या वेळाने नाक ओढत तिने विचारलं, "पुरलं का तिला?"

"नाही. तुम्ही आल्याशिवाय काही होणार नाही. पुढच्या शुक्रवारची वेळ घेतलीय, तीसुद्धा तुम्ही सांगाल तशी बदलू. उद्या सकाळी नऊला आपल्याला तिच्याजवळ बसता येईल. हवा तितका वेळ. मी विचारून ठेवलंय." स्वतः सुप्रभाताईंसाठी कुणी थांबलं नव्हतं. अप्पांचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. हे त्या बोलल्या नाहीत.

"मग हे मोजे," पेग म्हणाली, "घालू देतील का तिला?"

"देतील. नाही दिले तर मी बघते."

"तुम्ही घालायचे एक आणि मी एक."

"बरं."

मागे पुकारा झाला, लंडनची गाडी अजून अर्धा तास होती. ग्लेनिस म्हणत होती, चहा ठेवलाय, ही लाइन राहू दे, माझ्याकडे दुसरी आहे. सुप्रभाताईंना सवयीने वाटलं, झालं, सांगायचं ते सांगून झालं, आता आपण बाजूला व्हावं. त्या म्हणाल्या, "मी युस्टनला येते घ्यायला. ठेवू आता?"

"नको," पेग म्हणाली. "गाडी येईपर्यंत राहा. बोलू नका हवं तर."

सुप्रभाताई राहिल्या. मोहनराव त्यांच्याशेजारी चहाचा कप ठेवून गेले, तो त्यांनी घेतला नाही. नवऱ्याशी बोलायचं होतं, पण ते नंतर. पलीकडे पेग कप बशीत ठेवत होती, पिशवी उघडत होती, मिटत होती. अर्ध्या तासात दोघी मिळून चार वाक्यं बोलल्या असतील. मग गाडी लागल्याचं ग्लेनिसने सांगितलं, खुर्ची सरकली, पावलं दूर गेली, आणि तरीही बाई फोन कानाला धरून बसून राहिल्या, पलीकडून कुणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवेपर्यंत.